चार हातांची दाढी, दोन हातांवर

माझी दाढी म्हणजे काथ्या. सकाळी सातला केली की दुपारी चारच्या चहापर्यंत गालावर पुन्हा खरखर लागते. त्यात मानेवरचे केस डावीकडे कानाच्या दिशेने आणि उजवीकडे सरळ खाली वाढतात. मी भोसरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, मागच्या वर्षी निवृत्त झालो. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी दाढीच्या रेझरला फीलर गेज (बारीक फट मोजायची पोलादी पानं) लावणार आहे आणि ते वाचून कुणी दचकू नये.

तीन वर्षांपूर्वी मी कार्ट्रिज, म्हणजे पात्यांसकट मुंडकंच बदलायचा रेझर, सोडून दुधारी पात्याच्या रेझरवर परत आलो. तेव्हा मुद्दाम सौम्य रेझर घेतला, तोही आप्पांसाठी. आप्पा ८६ वर्षांचे आहेत. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, कातडी पतंगाच्या कागदासारखी झाली आहे, आणि एक दिवसाआड त्यांची दाढी मीच करतो. जरा कापलं तरी अर्धा तास कापूस दाबून बसावं लागतं. एकाच बनावटीचे दोन नग आणले, एक त्यांना, एक मला. आप्पांचे पांढरे, विरळ केस त्या रेझरने अगदी सुरेख निघतात. त्याचं नाव घेत नाही, कारण त्याच्यात खोट काहीच नाही. तो माझ्या दाढीसाठी नव्हता, इतकंच.

मला त्याच्यासोबत चार हात फिरवावे लागायचे. पहिला सुलट, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने, दुसरा आडवा, तिसरा उलट, आणि मग बोटांनी चाचपत राहिलेल्या जागांवर चौथा. अठरा मिनिटं. एवढं करून हनुवटीखाली खुंट राहायचेच, आणि मान मात्र लाल. तुरटी फिरवली की डोळ्यांत पाणी. कापलेलं कुठेही दिसायचं नाही. सौम्य रेझर कापत नव्हता, तो मला सोलत होता. पातं एका जागेवरून किती वेळा गेलं याचा हिशेब कातडी ठेवते, हे कळायला मला अडीच वर्षं लागली. लेथवर हे पहिल्या महिन्यात शिकवतात. कट फारच हलका ठेवला तर टूल कापत नाही, नुसतं घासतं, आणि जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, तापतो.

निगडीच्या एका मित्राकडे उघड्या दातांचा रेझर आहे, आक्रमक म्हणून नावाजलेला. त्याच्या घरी जाऊन एकदा केली दाढी. पहिल्याच हातात गाल साफ. दुसऱ्या हाताला हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त. मशीन उत्तम होतं, ऑपरेटर कच्चा होता. पण रोज सकाळी इतकं सावध राहणं मला जमणार नाही, हेही तिथेच समजलं. मला कामाचा रेझर हवा होता, रागीट नको होता. बाजारात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि माझ्यासारख्यांची फसगत होते.

फरक सांगायचा तर सुताराचा रंधा डोळ्यांसमोर आणा. रंध्याच्या तळातून पातं किती बाहेर काढलंय यावर छिलका पातळ निघणार की जाड हे ठरतं. दाढीच्या रेझरचं तसंच आहे, आणि ही माझी कल्पना नाही. अठराव्या शतकात झाँ-जाक पेरे या फ्रेंच कारागिराने वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवलं, ते रंधा पाहूनच. पुढे जिलेटने १९०३ मध्ये फेकून देण्याच्या पात्याचा रेझर विकायला काढला. पहिल्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. इतकं पातळ पोलाद वाकडं न होऊ देता कडक कसं करायचं, हा गाडा अडला होता आणि तो विल्यम निकर्सन या माणसाने काढून दिला. हीट ट्रीटमेंटवाल्यांनी या गृहस्थाला मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही. आजचं पातं ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं. खेळ सगळा त्या पात्याला धरायचा कसा आणि बाहेर किती ठेवायचं याचा.

खूप शोधाशोध केली. पुण्यात निम्मं आयुष्य गेलेल्या माणसाला कर्वे नावाचा कॅनडात बनणारा रेझर दिसला की थांबावंच लागतं. मीही थांबलो, किंमत पाहिली आणि पुढे निघालो. मेर्कुरचा प्रोग्रेस हा रेझर मनात भरला होता. त्याच्या बुडाला डायल आहे, एक ते पाच, फिरवा आणि फट, म्हणजे पात्याची धार आणि खालची संरक्षक पट्टी यांतलं अंतर, वाढवा. पण डायल म्हटलं की मला बॅकलॅश, म्हणजे आट्यांतला ढिलेपणा, आठवतो. हा धंद्याचा रोग. मला ठरलेल्या मापाचा, हलणार नाही असा तुकडा हवा होता.

शेवटी घेतला रॉकवेल ६सी. भाची कॅनडात मिसिसागाला असते, ती येताना घेऊन आली. (पाती मी इथलीच वापरतो. पाती केबिनच्या बॅगेत चालत नाहीत, तेव्हा तिला त्या भानगडीत घातलं नाही.) डब्यात टोपी, दांडा आणि तीन प्लेटा. प्रत्येक प्लेटच्या दोन्ही बाजू वापरायच्या, म्हणजे सहा मापं. एका प्लेटवर १ आणि ३, दुसरीवर २ आणि ४, तिसरीवर ५ आणि ६. कंपनीने दिलेली फटीची मापं अशी: ०.२०, ०.३५, ०.४८, ०.६१, ०.७१ आणि ०.७९ मिलिमीटर. दाढीच्या सामानावर कुणीतरी आकडा छापतं आहे हे पाहून मी तिथेच अर्धा विकला गेलो होतो.

पातं सगळ्या परीक्षेत एकाच जातीचं ठेवलं, दर प्लेटला नवं. साबण तोच, ब्रश तोच. आमच्याकडे बोअरचं पाणी, फेस रुसतो, म्हणून दाढीचं पाणी फिल्टरचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही. प्रत्येक मापाला तीन दिवस दिले. एक आणि दोन नंबरला माझ्या दाढीने दाद दिली नाही. तीनवर जुन्या रेझरची बरोबरी झाली. चारवर पहिल्याच दिवशी आवाज बदलला. आधी कुजबुज होती, आता सुक्या पानांवरून चालल्यासारखी स्वच्छ खरखर. सुलट एक हात, मग मानेवर उलट आणि गालावर आडवा असा दुसरा हात, आणि काम संपलं. नऊ मिनिटं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट. चारवर दाढी इतकी बरी होतेय, तर जुन्या रेझरची फट नक्कीच ०.४ च्या आसपास असणार, असा माझा ठाम अंदाज. कपाटातून फीलर गेज काढलं. पातं बसवून पाती-पट्टीच्या मधे एकेक पान सरकवून पाहिलं, अगदी अलगद, कारण धार लवचीक असते आणि दाबलं की खोटं माप देते. जुन्याचं माप आलं ०.६५. म्हणजे रॉकवेलच्या चार नंबरपेक्षा जास्त! तीनदा मोजलं. बायको म्हणाली, आता मायक्रोमीटरने पोळ्या मोजा.

तर फट म्हणजे सगळं नव्हे. टोपीची कड आणि खालच्या संरक्षक पट्टीची कड यांना जोडणारी एक सरळ रेघ कल्पनेने काढा. धार त्या रेघेच्या आत आहे, रेघेवर आहे की बाहेर आली आहे, हे फटीइतकंच महत्त्वाचं. माझ्या जुन्या रेझरची धार टोपीखाली लपलेली. स्टीलची छोटी पट्टी दोन्ही कडांना टेकवून उजेडात धरली तर पात्याला ती लागतच नव्हती. रॉकवेलच्या चारवर लागली. फट मोठी पण धार आत दडलेली असेल तर साबणाला जायला ऐसपैस जागा मिळते, केसाला मात्र धार भेटत नाही. शिवाय पातं किती जवळ आवळलंय तेही बघायचं. टूल होल्डरच्या बाहेर जास्त आलं की चॅटर, म्हणजे थरथर, येतो, हे कुठल्याही टर्नरला विचारा. पात्याची धार आवळलेल्या जागेपासून लांब असली की जाड केसावर ती थरथरते, आणि त्या थरथरीला आपण ‘आग होते’ म्हणतो. म्हणून नुसता आकडा वाचून रेझर घेणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. एकाच बनावटीच्या प्लेटांत तुलना करायला आकडा ठीक आहे. एका कंपनीचे ०.६ आणि दुसरीचे ०.६ यांचं नातं नाही.

सौम्य रेझरवरून चढणाऱ्याला एक धोका आहे, तो मला पाच नंबरवर कळला. सौम्य रेझर आपल्याला दाबायला शिकवतो. तीन वर्षांची सवय हातात बसलेली, आणि हा रेझर हाताला चांगला जड. जबड्याच्या कडेला, कानाखाली, सरळ एक रेघ उमटली. मग चुलतभावाच्या लग्नात सगळ्यांनी विचारलं, भांडण झालं का. त्यानंतर दांड्याला तळाशी, दोन बोटांत धरायला लागलो. तसं धरलं की दाबताच येत नाही. टोपी आधी गालाला टेकवायची, मग दांडा हळूहळू खाली आणायचा, खरखर सुरू झाली की थांबायचं. साधारण ३० अंशांचा कोन होतो, पण कोनमापक नको, कान पुरे. हात आखूड मारायचे, इंचभराचे. मानेवर डाव्या हाताने कातडी ताणायची.

आवडलं नाही तेही सांगतो. माप बदलायचं तर रेझर पूर्ण खोलावा लागतो, फेस लावलेल्या ओल्या हातांनी ते नको वाटतं. गालाला पाच आणि मानेला चार, असा शौक एकाच दाढीत करता येत नाही. रोज वापरायची माझी एकच बाजू, बाकीचं सगळं डब्यात पडून. ज्याला आपलं माप आधीच ठाऊक आहे त्याने सहा मापांचे पैसे कशाला द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला मात्र तीन-चार वेगवेगळे रेझर घेऊन बघण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. ६सी हा जस्ताच्या मिश्रधातूचा, वरून क्रोमचा मुलामा. म्हणजे फरशीवर पाडायचा नाही आणि दाढी झाल्यावर पुसून ठेवायचा. पोलादाचा ६एसही मिळतो, किंमत दुपटीच्या आसपास. टूलरूमवाल्याचं मन पोलादावरच होतं, पण भाचीने पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हा जीभ आवरली.

सध्या असं चाललंय. रोजची दाढी चारवर. दोन दिवस खाडा झाला तर पाच. सहा एकदाच लावला, वाईच्या जत्रेहून चार दिवसांची दाढी घेऊन परतलो तेव्हा. आणि तुरटी आता नुसती गार लागते.

आप्पांसाठी जुनाच रेझर ठेवलाय, तो त्यांना मानवतो. मधे एकदा गंमत म्हणून एक नंबरची प्लेट लावून त्यांच्या गालावर फिरवली. डोळे मिटून बसले होते. दाढी झाल्यावर गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, “केलीस का? मला वाटलं, नुसता साबणच लावतोयस.” गावाकडे त्यांची दाढी वस्तऱ्याने व्हायची, दर रविवारी, ओसरीवर. त्यांच्या हिशेबात सहा नंबरसुद्धा पोरखेळच असणार. विचारायचा धीर मला झालेला नाही.