18 इंची चेन सॉ, कोकणातली बाग आणि घरचं सरपण: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

पेट्रोलवर चालणारी, 58 सीसीची, 18 इंची पात्याची (पातं म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) चेन सॉ मी गेल्या वर्षी दसऱ्यानंतर घेतली. सरपणाचा एक अख्खा हंगाम आणि त्यानंतरचा पावसाळा तिने काढलाय, म्हणून आता सविस्तर लिहितोय. ब्रँडचं नाव देत नाही. सात ते नऊ हजारांत मिळणाऱ्या या वर्गातल्या मशिनी रंग आणि स्टिकर सोडले तर बऱ्याचशा सारख्याच असतात, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं त्या सगळ्यांना लागू पडेल. माझं मत आधीच सांगतो: बाग असेल, घरात बंब किंवा चूल पेटत असेल, तर मशीन जरूर घ्या. फक्त जास्त सीसीच्या मागे लागून पैसे घालू नका. तेच पैसे चांगली कानस, एक जादा चेन आणि अंगावरच्या संरक्षणावर खर्च करा.

आमची बाग राजापूर तालुक्यात आहे. जुनी आंब्याची कलमं, काजू, कुंपणाला गिरिपुष्प, कडेला आकेशियाची रांग आणि वरच्या अंगाला ऐन-किंजळ. आंघोळीचं पाणी वर्षभर बंबावर तापतं, पावसाळ्यात चूलही पेटते. पूर्वी कुऱ्हाड आणि दोन माणसांची करवत यावर सगळं व्हायचं. आता त्या करवतीला दुसरं टोक धरायला माणूस मिळत नाही. मशीन घेण्याचं खरं कारण तेवढंच.

इंजिनाबद्दल फार तक्रार नाही. थंड असताना चोक लावून चार-पाच वेळा दोरी ओढावी लागते, गरम झाल्यावर एका ओढीत सुरू होतं. पेट्रोल-ऑईल भरून वजन सात किलोच्या घरात जातं, आणि ते तासाभराने मनगटाला कळतं. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत मिश्रण 25 ला 1 दिलंय, म्हणजे लिटरभर पेट्रोलला 40 मिली टू-स्ट्रोक ऑईल. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नका, औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणा आणि मोजून घाला. ऑईल कमी पडलं तर पिस्टन धरतो आणि मग दुरुस्ती मशीनच्या किमतीच्या जवळ जाते.

कोकणातल्या लोकांनी पेट्रोलकडे आणखी एका कारणाने लक्ष द्यावं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आमच्याकडच्या जून-जुलैच्या हवेत टाकीत राहिलेलं मिश्रण खराब व्हायला वेळ लागत नाही, आणि कार्बोरेटरमधला रबरी पडदाही त्याने कडक होतो. मृग लागायच्या आत टाकी रिकामी करायची, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची. एवढं केलं होतं, म्हणून भाद्रपदात रस्त्यावर आडवी आलेली फांदी कापायला काढली तेव्हा ती लगेच सुरू झाली.

आता चेनबद्दल, कारण सगळं त्यावर आहे. नवी चेन लाकडात स्वतःहून उतरते, तुम्ही फक्त मशीन धरून उभं राहायचं. ज्या क्षणी तुम्हाला दाब द्यावासा वाटतो, त्या क्षणी चेन बोथट झालेली असते. भुशाकडे बघा. धारदार चेन जाडसर, कुरकुरीत ढलप्या उडवते, बोथट चेन पिठासारखी पूड पाडते आणि लाकूड करपल्याचा वास येतो. दातही उजेडात धरून तपासायचा: धार गेलेल्या दाताच्या कडेवर बारीक पांढरी रेघ चमकते, धार असलेली कड चमकत नाही. माझी चेन .325 पिचची आहे (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप, इंचात), तिला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. दुकानदाराने दुसऱ्याच मापाची कानस हातात ठेवली होती, म्हणून चेनचा पिच आधी बघून मगच कानस घ्या. कानस दाताच्या आतून बाहेर, 30 अंशांच्या खुणेवर, एकाच दिशेने ढकलायची, परत ओढताना उचलायची. प्रत्येक दाताला तीन ओढी दिल्या तर सगळ्यांना तीनच, नाहीतर काप एका बाजूला वळत जातो. दर टाकीला मी हे करतो, दहा मिनिटं जातात. चार-पाच वेळा धार लावून झाली की दातापुढचा छोटा उंचवटा चपट्या कानशीने थोडा उतरवायचा. तो राहिला तर दात कितीही धारदार असला तरी लाकूड धरत नाही.

चेनचा सगळ्यात मोठा शत्रू लाकूड नव्हे, माती. आंब्याच्या बुंध्यावर वाळवीची माती चढलेली असते, ती कोयत्याच्या मागच्या बाजूने खरवडून काढल्याशिवाय मी मशीन लावत नाही. आणि आमच्या जांभ्याच्या सड्यावर पात्याचं टोक एकदा जरी दगडाला लागलं तरी त्या बाजूचे सगळे दात जातात. ओंडक्याखाली दोन आडवी लाकडं घालून तो उचलून घ्या, मगच कापा. जुन्या कुंपणाच्या गिरिपुष्पात आणि पांगाऱ्यात तार गिळलेली असते. साल कुठे फुगलेली, आडवी वळ उठल्यासारखी दिसली तर तिथून हातभर वर कापा.

चेनला लागणारं ऑईल वेगळं असतं आणि ते पेट्रोलच्या टाकीबरोबरच संपत आलं पाहिजे. शिल्लक राहत असेल तर पात्याला ऑईल जात नाहीये. मशीन जोरात चालवून टोक फिक्या रंगाच्या लाकडाजवळ धरलं की ऑईलची बारीक रेघ उठायला हवी. गॅरेजमधलं जळकं ऑईल फुकट मिळतं म्हणून बरेच जण घालतात. त्यात धातूचा कीस असतो, पातं लवकर झिजतं, आणि ते हातातोंडावर उडतं. नवं साधं इंजिन ऑईल घाला.

प्रत्येक लाकूड वेगळं वागतं. आकेशिया सरळ, कोरडं, मशीनला सोपं. ऐनाचा बुंधा कापताना कधीकधी पाण्याची धार लागते, घाबरायचं नाही, ते झाड खोडात पाणी साठवतं. फणसाचा चीक चेनवर बसून घट्ट होतो, काम संपल्यावर लगेच रॉकेलच्या ब्रशने धुवावी लागते. माड इतर झाडांच्या उलट, बाहेरून कठीण आणि आत मऊ. त्याने धार जितकी पटकन जाते तितकी कशानेच जात नाही, म्हणून माडासाठी मी जुनी चेन ठेवलीय. बिब्ब्याचं झाड ओळखता येत नसेल तर रानातल्या अनोळखी झाडाला हात लावण्याआधी जाणत्याला विचारा. त्याच्या चिकाने अंग सुजतं आणि धूरही तसाच वाईट. कण्हेरीची लाकडंही चुलीत जाऊ देऊ नका, ती विषारी आहेत.

आंब्याच्या जुन्या कलमांच्या फांद्या या मशीनने उतरवल्या, त्याबद्दल मात्र मनापासून सांगायचंय. जाड फांदी वरून एका कापात तोडली तर ती पडताना खालची साल सोलून नेते आणि त्या जखमेत भिरूड (खोड पोखरणारी कीड) शिरतं. आधी बुंध्यापासून वीतभर अंतरावर खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे, फांदीच्या टोकाकडे, वरून काप, फांदी पडली की उरलेला खुंट फांदीच्या बुडाची फुगीर कडा राखून स्वच्छ कापायचा. त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावायची: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र, धातूच्या भांड्यात नाही. वाडवडिलांनी लावलेलं झाड आपल्या आळसापायी पोखरलं जाऊ नये.

शिडीवर चढून, एका हाताने किंवा खांद्याच्या वर मशीन चालवू नका. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत तोंडाकडे उसळते. उंचावरच्या फांद्यांसाठी हातकरवतच बरी. हेल्मेट, तोंडावरची जाळी, कानाचे मफ आणि कडक बूट मशीनबरोबर येत नाहीत, वेगळे घ्या. निसर्ग आणि तौक्ते वादळांत आमच्या किनारपट्टीवर हजारो झाडं मुळांसकट आडवी झाली. अशा झाडाचा बुंधा कापला की मुळाचा गड्डा उलटून परत उभा राहू शकतो, त्याच्या मागे कोणी, विशेषतः मुलं, उभी राहता कामा नयेत. फार झुकलेलं उभं झाडही अनुभवी माणसाशिवाय पाडू नका. ते अर्ध्यात उभं चिरून मागे उसळतं.

सरपणाचं वेळापत्रक मशीनमुळे सुधारलं. ताज्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण 2260 किलोज्यूल उष्णता खर्च होते. ओलं लाकूड जाळणं म्हणजे आधी लाकडातलं पाणी तापवून मग बंबातलं तापवणं. म्हणून तोड मार्गशीर्ष-पौषात उरकायची, बंबाच्या मापाचे तुकडे लगेच पाडायचे आणि जाड तुकडे ओले असतानाच फोडायचे. ऐन ओला असताना कुऱ्हाडीच्या एका घावात उलगडतो, वाळल्यावर हातच झिणझिणतात. रचताना खाली दोन ओंडके, मध्ये वाऱ्याला वाट, आणि वरचा थर सालीची बाजू आकाशाकडे करून. वैशाखापर्यंत टोकांना भेगा पडतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतात. मग आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या, आत पडवीत. निखारा हवा असेल तर ऐन, किंजळ, आकेशिया. पांगारा, शेवरी फक्त पेटवायला. जाड, सरळ फणस चुलीत घालू नका, सुताराला दाखवा, दाराच्या चौकटीला त्याच्यासारखं लाकूड नाही.

कायद्याचंही लक्षात ठेवा. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, चिंच, हिरडा ही आपल्याकडची झाडं आहेत. जमीन आणि झाड स्वतःचं असलं तरी ती तोडायला परवानगी लागते. वादळात पडलेलं असलं तरी आधी फोटो काढा, तलाठ्याला आणि वनरक्षकाला कळवा, आणि लाकूड गाडीत भरून बाहेर न्यायचं असेल तर वाहतूक पासाची चौकशी आधीच करा.

मशीनचं काय बिघडलं? स्टार्टरची दोरी तुटली, हवेच्या फिल्टरची जाळी फाटली आणि बरोबर आलेलं पातं लवकर खोबणीत झिजलं. दोरी आणि जाळी तालुक्याच्या बाजारात मिळाली. पात्यासाठी मात्र ज्या दुकानातून मशीन घेतली तिथे नुसते हेलपाटे झाले, शेवटी दुसरीकडून मागवलं. त्यामुळे घ्यायला जाल तेव्हा दुकानातच त्याच मॉडेलचं पातं, चेन आणि कार्बोरेटरचा किट दाखवा म्हणावं. मशीन तिथेच सुरू करायला लावा. रेस सोडल्यावर चेन पूर्ण थांबली पाहिजे, आणि हँडलच्या पुढचा पंजा (हाताचा आडोसा) ढकलल्याबरोबर ब्रेक लागला पाहिजे. नुसत्या काजूच्या फांद्या आणि मनगटाएवढं सरपण असेल तर 58 सीसी कशाला, 12 किंवा 14 इंची हलकी मशीन घ्या. ती घरातल्या बाईमाणसांनाही पेलेल.