इंजिन बघायचं की डबा? नाशिक परिसरातल्या वाफेच्या गाडीच्या फोटोचं साल ठरवताना

नाशिक रोड, देवळाली, इगतपुरी, मनमाड. या पट्ट्यातल्या जुन्या घरांतल्या अल्बमांत वाफेच्या गाडीजवळ काढलेला एखादा तरी फोटो सापडतोच. फोटोच्या मागं बहुधा काहीच नसतं, फार तर 'बदलीच्या वेळी' एवढंच. साल काढायचं तर हाताशी तीन गोष्टी असतात: इंजिन, डबे आणि गाडीभोवतीचं स्टेशन. बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात, कारण फोटोत तेच उठून दिसतं. आमचं मत उलटं आहे. आधी डब्यावरची अक्षरं, मग स्टेशनावरच्या विजेच्या तारा, मग इंजिनाचा क्लास (म्हणजे प्रकार) आणि नंबर, आणि रंग अगदी शेवटी.

तिन्हींना एक नियम सारखाच लागू आहे. नवी खूण खालची हद्द पक्की करते. जुनी खूण वरची हद्द पक्की करत नाही. डब्यावर देवनागरीत 'म.रे.' असेल तर फोटो ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण मध्य रेल्वे त्या दिवशी स्थापन झाली. पण 'जी.आय.पी.' (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, मध्य रेल्वेच्या आधीची इथली कंपनी) ही अक्षरं असतील तर फोटो १९५१ च्या आधीचाच, असं म्हणता येत नाही. कंपनीचं नाव बदललं म्हणून रात्रीत सगळे डबे कोणी रंगवत नाही. जो डबा ठरल्या वेळी वर्कशॉपला गेला, त्याची अक्षरं बदलली. बाकीचे जुन्या नावानंच धावत राहिले.

इंजिनापेक्षा डबा बरा, त्याचं कारण हेच. डबे वर्कशॉपला लवकर लवकर जातात, त्यामुळे जुनी अक्षरं तिथं फार काळ तग धरत नाहीत. इंजिनाची मोठी दुरुस्ती ते किती किलोमीटर धावलं यावर ठरते, आणि इंजिनाचं आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांचं. मेकरच्या पाटीवरचं साल वाचून फोटोचं साल सांगणारे पुष्कळ भेटतात. ते साल इंजिन बांधल्याचं असतं. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची पाटी दिसली तर फोटो १९०३ नंतरचा, कारण कंपनीच तेव्हा स्थापन झाली. त्यापुढे ती पाटी काही सांगत नाही.

डब्यावर काय वाचायचं? आधी कंपनीची अक्षरं. इथं एक फसवी तारीख आहे. जी.आय.पी. रेल्वे १ जुलै १९२५ ला सरकारच्या ताब्यात गेली, पण नाव तेच राहिलं. त्यामुळे 'जी.आय.पी.' या अक्षरांवरून १९२५ च्या आधीचं की नंतरचं, हे कळत नाही. मनमाडच्या फोटोंत मात्र वेगळी सोय आहे. तिथं निजामाच्या रेल्वेची मीटर गेज लाइन यायची, आणि दोन रुंदीचे रूळ एकाच चौकटीत दिसले तर जागा नाशिक रोड नाही, मनमाड, हे आधी ठरतं. त्या गाडीवर 'एन.जी.एस.आर.' (निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे) असेल तर ती मूळची १९३० पर्यंतची खूण. निजाम सरकारनं रेल्वे विकत घेतली आणि मधला 'जी' गेला. नुसतं 'एन.एस.आर.' दिसलं तर फोटो १९३० नंतरचा.

दुसरी खूण वर्गाची. दारावर किंवा खिडकीखाली वर्ग लिहिलेला असतो. 'इंटर' असेल तर डबा १९५५ च्या आधी रंगवलेला, कारण त्या वर्षी वर्गांची नावं बदलली: जुना पहिला वर्ग रद्द झाला, दुसऱ्याला पहिला म्हणू लागले, इंटर दुसरा झाला. त्यामुळे 'पहिला वर्ग' वाचून चमकून जाऊ नका. तो १९५५ नंतरचा असेल तर खरं म्हणजे जुना सेकंडच. 'तिसरा वर्ग' १९७४ पर्यंत चालला, म्हणजे त्या आकड्यावरून वरची हद्द तेवढी मिळते, तीही सैल.

डब्याचं अंग बघा, पण जपून. लाकडी पट्ट्यांचे किंवा चौकटींचे डबे जुने, पोलादी पत्र्याचे नवे, हे ढोबळमानानं खरं. चेन्नईजवळच्या पेरांबूरच्या डब्यांच्या कारखान्यातून सबंध पोलादी डबे निघू लागले ते २ ऑक्टोबर १९५५ पासून. त्याआधीही काही पोलादी डबे होते, आणि लाकडी डबे नंतरही बरीच वर्षं पॅसेंजरला जोडले जात. मिश्र रेक (रेक म्हणजे गाडीच्या डब्यांची सबंध रांग), म्हणजे एक डबा लाकडी, शेजारचा पोलादी, दोघांची अक्षरं वेगळी, ही बदलाच्या काळाची सर्वांत चांगली खूण. सगळा रेक एकसारखा असेल तर तेवढं नेमकं सांगता येत नाही.

आता इंजिन. इथं दोनच गोष्टी कामाच्या: क्लास आणि नंबर. दोन्ही केबिनच्या बाजूला असतात आणि नंबर पुढच्या बफर बीमवरही, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी बफर बसवलेल्या आडव्या पट्टीवरही. 'एक्स' नं सुरू होणारे क्लास १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धातले. 'डब्ल्यू' नं सुरू होणारे बहुतेक १९४७ पासूनचे. निमुळत्या नाकाचं आणि बहुधा नाकावर चांदणी रंगवलेलं इंजिन म्हणजे डब्ल्यूपी, १९४७ च्या आत नाही. मालगाडीचं डब्ल्यूजी १९५० पासून. बंगालमधल्या चित्तरंजनच्या इंजिन कारखान्याचं पहिलं इंजिन १ नोव्हेंबर १९५० ला निघालं आणि शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं 'अंतिम सितारा' जून १९७० मध्ये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि कॅनडातून आलेली २-८-२ (पुढं दोन, मधे आठ, मागं दोन चाकं) इंजिनंही ओळखू येतात. त्यांच्या क्लासमध्ये 'ए' किंवा 'सी' आधी येतं: एडब्ल्यूडी, सीडब्ल्यूडी. यांतलं काही दिसलं तर युद्धाच्या आधीचा फोटो नाही.

नंबराची खरी किंमत १९५७ नंतर आहे. तेव्हा अखिल भारतीय क्रमांक लागू झाले आणि अनेक जुन्या इंजिनांना पाच आकडी नंबर मिळाले. जुनाट बांधणीचं इंजिन आणि केबिनवर पाच आकडे, तर फोटो १९५७ च्या आधीचा नाही. अर्थात नंबर वाचता यायला हवा. आजोबा नेमके केबिनसमोर उभे असतात.

रंगाबद्दल एवढी काटकसर का, ते सांगतो. काळ्या-पांढऱ्या फोटोतला करडा रंग हा डब्याचा रंग नसतो, तो फिल्मचा असतो. निगेटिव्हची जुनी काच फक्त निळा प्रकाश ओळखायची. ऑर्थो फिल्म हिरवा-पिवळाही घ्यायची, पण लाल नाही. पॅन फिल्म सगळे रंग घ्यायची आणि ती हौशी लोकांच्या कॅमेऱ्यात १९३० च्या दशकात आणि पुढे रुळली. तोच डबा तिन्हींवर वेगळा दिसतो:

| रंग | जुनी काच | ऑर्थो | पॅन |
|---|---|---|---|
| लाल, मरून | काळा | काळा | मध्यम करडा |
| निळा | जवळजवळ पांढरा | फिका | मध्यम करडा |
| पिवळा, क्रीम | गडद | मध्यम | फिका |

रंगावरून साल काढू नये याचं दख्खनची राणी हे चांगलं उदाहरण आहे, पुण्याच्या मार्गावरची असली तरी. १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हाच तिचे सात-सात डब्यांचे दोन रेक होते: एक रुपेरी आणि त्यावर शेंदरी पट्ट्या, दुसरा गडद निळा आणि त्यावर सोनेरी रेषा. एकाच गाडीचे, एकाच वर्षीचे दोन फोटो शेजारी ठेवले तर 'मधे कधीतरी रंग बदलला' असा निष्कर्ष सहज निघेल, आणि तो साफ चुकेल.

फिल्म कोणती, हे फोटोतच तपासता येतं. ज्याचा रंग आपल्याला ठाऊक आहे अशी वस्तू शोधा. हमालाचा लाल सदरा, गार्डचं लाल निशाण, इंजिनाचा लाल बफर बीम. बफर बीम काळ्या इंजिनात मिसळून गेला असेल, सदरा शाईसारखा काळा असेल, तर फिल्मला लाल दिसत नव्हतं. अशा फोटोतला 'काळा' डबा मरूनही असू शकतो. बफर बीम स्पष्ट करडा वेगळा दिसत असेल तर पॅन फिल्म, आणि मग डब्यांच्या छटांवर थोडा विश्वास ठेवता येतो. थोडाच. स्टुडिओत हातानं रंगवलेल्या फोटोंवर तर अजिबात नको, तिथं डबा हिरवा होता की नव्हता हे रंगवणाऱ्याच्या मर्जीवर असायचं. रंगापेक्षा रंगाची मांडणी टिकते: दोन छटांची सीमा खिडकीखाली आहे की वर, रेषा एक की दोन, अक्षरं मधोमध की कडेला.

तारा हे नाशिककरांच्या हातातलं खास साधन आहे, आणि बाहेरचे लोक यात हमखास चुकतात. कल्याण ते इगतपुरी विजेवर आलं १९३० च्या सुमारास, घाटातला चढ १ इन ३७ (३७ फुटांमागं १ फूट) असल्यामुळे तिथं विजेची गरज सर्वांत आधी होती. इगतपुरीपुढचं विद्युतीकरण व्हायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली. मधली जवळजवळ चाळीस वर्षं इगतपुरीला इंजिन बदलायचं: मुंबईकडून विजेचं, भुसावळकडं वाफेचं. म्हणून 'वाफेचं इंजिन आणि डोक्यावर तारा' हे इगतपुरीच्या फोटोत १९३० पासून पुढं सहज शक्य आहे. नाशिक रोड किंवा देवळालीच्या फोटोत मात्र खांब आणि तारा दिसल्या तर १९६० च्या दशकाच्या अखेरीनंतरचाच. तारा नसलेला, इगतपुरीचा म्हणून सांगितलेला आणि तरीही डब्ल्यूपी जोडलेला फोटो आला, तर आधी जागेवर शंका घ्या. 'खेकडा' म्हणून ओळखलं जाणारं घाटातलं विजेचं इंजिन मागं उभं असेल तर उत्तमच, जागा ठरली.

सिंहस्थाच्या गर्दीचा फोटो घ्या. नाशिक रोडचा फलाट, तुडुंब माणसं, मागं वाफेची गाडी, आणि घरात 'सिंहस्थातला फोटो' एवढीच आठवण. सिंहस्थ १९५६, १९६८ आणि १९८० ला झाला. आता इंजिन डब्ल्यूपी असेल तर १९४४ चा आधीचा सिंहस्थ गळाला. तारा नाहीत तर १९८० गळाला. उरले १९५६ आणि १९६८. १९६८ च्या सुमारास या मार्गावर विद्युतीकरणाचं काम चालू होतं, तेव्हा फलाटाच्या टोकाला उभे राहिलेले पण तार नसलेले खांब शोधा. तेही नाहीत आणि रेक बहुतांश लाकडी, तर कौल १९५६ कडं झुकतो. एकाही खुणेनं एकटीनं उत्तर दिलं नसतं.

हे सगळं वाचायला स्कॅन नीट हवा. पोस्टकार्ड आकाराचा फोटो ६०० डीपीआयला पुरतो. बॉक्स कॅमेऱ्याचे लहान, ६ बाय ९ सेंटिमीटरचे प्रिंट मात्र १२०० ला घ्या, टीआयएफएफ स्वरूपात. मागची बाजूही स्कॅन करा, कोरी वाटली तरी. पिवळा पडलेला फोटो असेल तर लाल, हिरवा, निळा चॅनल वेगळे करून फक्त निळा बघा. पिवळटपणामुळे दबलेली अक्षरं त्यात बहुधा उठून येतात. धारदार करण्याचे फिल्टर आणि फोटो 'सुधारणारी' मोबाइल ॲप या कामात नकोत. ती नसलेले आकडे तयार करतात, ३ चा ८ होतो, आणि मग पाच आकडी नंबरावर बांधलेला सगळा इमला कोसळतो.

आणखी एक तपासणी पहिल्याच मिनिटात उरकून घ्या: फोटो उलटा छापलेला नाही ना? काचेची निगेटिव्ह उलट बाजूनं ठेवली की डावं उजवीकडं जातं. अक्षरं उलटी दिसतात हे खरं, पण अक्षरं वाचताच येत नसतील तर सदऱ्याच्या गुंड्या आणि साडीचा पदर कोणत्या खांद्यावर आहे ते बघा.

साल ठरलं की फोटोच्या मागं पेननं लिहू नका, शाई पुढं उमटते. मऊ पेन्सिलीनं, कडेला, काच किंवा जाड पुठ्ठ्यावर ठेवून लिहा: 'नाशिक रोड, १९५१ ते १९६८, आधार: डब्यावर म.रे., डब्ल्यूपी, तारा नाहीत.' एकच साल लिहायचा मोह होईल. आधार लिहिला असेल तर उद्या कोणाला त्याच गाडीचा दुसरा फोटो मिळाला की हद्द आवळता येते.