रोमचे फुकट नळ : पाण्याची बाटली विकत घेऊ नका (५ पैकी ४.५)

आमच्या टूरवाल्याने विमानतळावरून निघतानाच बसमध्ये बजावलं, "नळाचं पाणी पिऊ नका, पोट बिघडेल. बाटल्या आहेत आमच्याकडे, दोन युरोला एक." मी नेरुळच्या आमच्या सोसायटीत पाण्याचं काम बघतो. टाक्या धुऊन घ्यायच्या, बॉलकॉक बदलायचा, वरच्या मजल्यावरच्यांची बोलणी खायची. असलं काही ऐकलं की मी आधी नळ बघतो.

रोममध्ये जागोजागी वाकड्या तोटीचे, बिडाचे बुटके खांब आहेत. त्यांना नासोने म्हणतात. १८७४ पासून बसवत आलेत, आज साधारण २,५०० आहेत. बहुतेकांना चावीच नाही, पाणी रात्रंदिवस वाहतं. पाणीकपातीत आयुष्य गेलेल्या माणसाचा जीव तुटतो, पण त्यातली खुबी मला पटली : पाणी थांबतच नाही, तर शिळं कुठून होणार? आपण कॉर्पोरेशनचं चांगलं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत, मग गच्चीवरच्या टाकीत साठवतो, आणि वर्षभर न धुतलेल्या टाकीतलं पितो.

पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बरोबर नेलाच होता. आकडा चारशेच्या आसपास. घरी मोरबे धरणाचं पाणी शंभराच्या आत असतं, त्यामुळे सहप्रवासी हादरले, "अहो, याला आरओ लागेल!" काही लागत नाही. आपल्याच मानकात ५०० पर्यंत चालतं. हे पाणी चुनखडीच्या डोंगरातल्या झऱ्यांचं, क्षार असणारच. आणि मीटर क्षार मोजतो, जंतू नाही. आरओ विकणारा हे कधी सांगत नाही. चव जराशी जड, पण गार. पोट आम्हा नवरा-बायको दोघांचंही ठणठणीत. हॉटेलच्या किटलीत मात्र पांढरा थर बसलेला.

प्यायची युक्ती : तोटीच्या वरच्या अंगाला बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की तिथून धार उडते. हिने दाबलं ते असं, की धार थेट माझ्या चष्म्यावर. वर मलाच, "अहो, तोंड पुढे करा ना!"

'नॉन पोताबिले' अशी पाटी दिसली तर ते पाणी पिऊ नका. नकाशा आचेआ या पाणी कंपनीच्या ॲपवर मिळतो. अर्धा स्टार कापला तो दुष्काळासाठी : २०१७ मध्ये पाणी आटलं तेव्हा यातले बरेच नळ बंद करावे लागले होते. उन्हाळ्यात जाणार असाल तर बाटली सकाळीच भरून ठेवा.