काजव्यांच्या कॅम्पचं लोकेशन निघालं धरणाच्या पाण्यात

मे संपत आला की कोल्हापुरात मोबाईलवर काजव्यांच्या जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. त्यातल्याच एकीने आमच्या ग्रुपचे पैसे दोनदा नेले. पहिल्यांदा गेले ते गेले. दुसऱ्यांदा ज्या पद्धतीने नेले ती सगळ्यांनी नीट वाचावी म्हणून हे लिहितोय.

उन्हाळाभर आमचा शिरस्ता ठरलेला. सुट्टीच्या दिवशी पहाटे पन्हाळा, नाहीतर मसाई पठार, येताना मिसळ आणि ऊन चढायच्या आत घरी. काजव्यांसाठी मात्र राधानगरी-दाजीपूरकडे मुक्कामीच जावं लागतं. वळवाचे एकदोन पाऊस झाले की मोठ्या पावसाआधी थोडेच दिवस हा खेळ चालतो. म्हणून सगळ्यांची घाई, आणि फसवणारा नेमका या घाईवरच जगतो.

इन्स्टाग्रामवरची जाहिरात अशी : दाजीपूरच्या जंगलात तंबूत मुक्काम, तांबडा-पांढरा पोटभर, माणशी १,५०० रुपये. फोनवरचा माणूस पक्का कोल्हापुरी बोलायचा. "दादा, टेन्शन नको, फक्त गाडी घेऊन या." पाच जणांचे निम्मे पैसे, ३,७५० रुपये, आगाऊ गेले. निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा फोन : वनखात्याचं चेकिंग कडक आहे, पाससाठी माणशी ५०० डिपॉझिट भरा, कॅम्पवर परत मिळतील. तेही गेले. एकूण ६,२५०.

हळदी मागे पडल्यावर त्याने लोकेशन पाठवलं. राधानगरीत चहाला थांबलो तेव्हा मित्राने नकाशा मोठा करून बघितला, तर खूण लक्ष्मी तलावाच्या, म्हणजे राधानगरी धरणाच्या पाण्याच्या, मधोमध. चारी बाजूंनी निळं पाणी! चहावाल्या मामांना दाखवलं. ते म्हणाले, "अभयारण्यात रात्रीचा तंबू कोण ठोकू देतंय बाळांनो? गव्यांचं रान हाय ते." खरंच आहे. १९५८ पासूनचं अभयारण्य, तिथे कुणा खासगी माणसाचा रात्रीचा कॅम्प कसा असेल? काजवे बघणारे आसपासच्या गावांत घरगुती मुक्काम करतात.

आम्ही कॅम्पवाल्याला फोन लावला, तर साहेब अजिबात भडकले नाहीत. उलट माफी मागितली. "पावसामुळे कॅम्प रद्द झाला दादा, पैसे लगेच परत करतो." व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आला, खाली मराठीत 'रिफंड ६,२५०' असं लिहिलेलं. "स्कॅन करा, पिन टाका, जमा होतील." आमच्यातल्या एकाने पिन टाकला आणि आणखी ६,२५० वजा झाल्याचा मेसेज आला. 'रिफंड' हा शब्द त्या कोडवर कुणीही छापू शकतं. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना (किंवा शिल्लक बघताना) लागतो, घेताना कधीच लागत नाही. हे बँका ओरडून सांगतात, पण समोरचा माणूस 'दादा, दादा' करत घाईला लावतो तेव्हा डोकं नाही, बोट चालतं.

तिथूनच १९३० ला फोन केला. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. त्यांनी व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारली. नंतर केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्क्रीनशॉटसकट तक्रार भरली. दुसरे ६,२५० त्याच्या खात्यावरच गोठवले गेले, कारण तक्रार तासाभरात गेली होती. ते हातात यायला अजून कागदपत्रं चालू आहेत. आधीचे मात्र केव्हाच पुढच्या खात्यात सरकले होते. त्यामुळे 'एवढ्याशा पैशासाठी कुठं पोलिसात जायचं' म्हणत बसू नका. रक्कम मुद्दामच तेवढी छोटी ठेवलेली असते.

जाहिरातीतल्या फोटोंबद्दलही एक. तंबूंच्या मागे जो सुळका दिसतो तो तुंग किल्ला, म्हणजे फोटो मावळातल्या पवना धरणाच्या काठचा. गूगल लेन्सला दिला तर लगेच सापडला. हजारो काजवे एकदम पेटलेले दिसतात तो फोटोही अनेक फोटो एकावर एक चढवून केलेला असतो. त्यावरून जागा ओळखू येत नाही.

कोल्हापूरकरांकडे तर याहून सोपा उपाय आहे. राधानगरी तालुक्यात आपला कुणी पाहुणा नाही असं गाव सापडायचं नाही. कॅम्पवाल्याला गावाचं आणि घरमालकाचं नाव विचारा आणि पाहुण्याला एक फोन करा. जो गावाचं नाव सांगायला टाळतो आणि "लोकेशन नंतर पाठवतो" म्हणतो, त्याला एक रुपयाही देऊ नका. पैसे द्यायचे ते तिथे पोचल्यावर, तंबू डोळ्यांनी बघून. घरगुती मुक्कामवाले बरेचदा त्याला तयार असतात.

ते पेज आता बंद आहे. पण तंबूंचे तेच फोटो परवा पावसाळी सहलीच्या एका नव्या पेजवर दिसले. या वेळी नाव बर्कीच्या धबधब्याचं आहे आणि दर माणशी ९९९. कुणी आगाऊ भरले असतील तर त्या पेजवाल्याला फोन करून जाब विचारत बसू नका, आधी १९३० लावा.