एअर इंडिया एक्सप्रेस : पुणे-बेंगळुरू मार्गावरील नऊ महिन्यांचा अनुभव

माझी आई बेंगळुरूला दादाकडे राहते. जानेवारी 2025 मध्ये तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून सप्टेंबरअखेरपर्यंत मी साधारण दर पंधरवड्याला पुण्याहून तिच्याकडे जाऊन येत होते. उद्यान एक्सप्रेसला पुण्याहून वीस तासांच्या आसपास लागतात आणि महामार्गाने हे अंतर सुमारे 840 किलोमीटर असल्यामुळे स्लीपर बसमध्येही पूर्ण रात्र आणि वर काही तास जातात. शनिवार-रविवारच्या सुटीत जाऊन यायचे तर विमानाला पर्याय नव्हता, आणि महिन्यातून दोनदा जायचे तर स्वस्त विमानालाही पर्याय नव्हता. या काळात मी एअर इंडिया एक्सप्रेसची 31 उड्डाणे केली. त्यांपैकी चार आईला सोबत घेऊन. नियमित प्रवास करणाऱ्यांना, विशेषतः वयस्कर माणसाला घेऊन जाणाऱ्यांना, उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण माझ्या नात्यातल्या निम्म्या लोकांचा इथेच गोंधळ होतो. एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस या एकाच समूहातल्या, पण वेगवेगळ्या कंपन्या आहेत. एक्सप्रेस ही एअर इंडियाची कमी दराची उपकंपनी असून तिचे पहिले उड्डाण 29 एप्रिल 2005 रोजी तिरुवनंतपुरमहून अबू धाबीला झाले. आखाती देशांत नोकरीला असलेल्या केरळी कुटुंबांना परवडेल असा प्रवास उपलब्ध करून देणे हा तिचा मूळ हेतू होता. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे आली, तेव्हा ही उपकंपनीही सोबत आली. टाटांचाच सहभाग असलेली एअरएशिया इंडिया ही देशांतर्गत विमानकंपनी पुढे पूर्णपणे त्यांच्या मालकीची झाली, तिचे नाव एआयएक्स कनेक्ट असे बदलले आणि 1 ऑक्टोबर 2024 रोजी ती एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली. म्हणजे आज पुण्याहून बेंगळुरूला जाताना आपण ज्या कंपनीचे तिकीट काढतो, तिची एक मुळी आखाती मार्गांत आहे आणि दुसरी बेंगळुरूतच, कारण एअरएशिया इंडियाने 2014 मध्ये आपली सेवा तिथूनच सुरू केली होती.

हा इतिहास मी उगाच सांगत नाही. सामान, जेवण आणि तिकीट बदलण्याचे नियम ठरतात ते विमान प्रत्यक्ष कोणती कंपनी चालवते यावर. तिकिटावरचा उड्डाण क्रमांक ‘आयएक्स’ने सुरू होत असेल तर विमान एक्सप्रेसचे, ‘एआय’ असेल तर ‘संचालन’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते वाचावे, कारण समूहातल्या दोन कंपन्या एकमेकींच्या उड्डाणांवर आपला क्रमांक लावू शकतात. एका तिकीटविक्रीच्या ॲपवर मूळ कंपनीचे नाव ठळक आणि उपकंपनीचे नाव बारीक अक्षरांत दिसल्यामुळे माझ्या वहिनीने जेवण तिकिटात धरलेले आहे असे समजून दुपारचा प्रवास उपाशीपोटी केला होता.

कमी दर परवडतो कसा, हे समजून घेतल्यावर मला या प्रवासाचे नियम जाचक वाटेनासे झाले. विमान जमिनीवर उभे असते तेव्हा ते काहीच कमवत नाही. म्हणून ते उतरल्यावर शक्य तितक्या लवकर पुन्हा सुटावे अशी सगळी आखणी असते. प्रवाशांकडे सामान कमी असेल, जेवणाच्या गाड्या कमी भराव्या लागत असतील आणि सगळे वेळेवर दारापाशी आले असतील, तर हा वेळ वाचतो. त्यामुळे ज्याला फक्त बसून जायचे आहे त्याच्याकडून फक्त आसनाचे पैसे घ्यायचे आणि बाकी प्रत्येक सोय वेगळी विकायची, ही पद्धत मला रास्त वाटते. मी एकटी जाताना बहुतेक वेळा ‘लाइट’ हे भाडे घेतले. त्यात काउंटरवर सोपवून विमानाच्या पोटात पाठवायचे सामान नसते आणि हातातले सामान 7 किलोपर्यंत चालते; तिकीट काढतानाच आणखी 3 किलोची नोंद केली तर त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. निघण्यापूर्वी घरच्या काट्यावर पिशवी तोलण्याची सवय मी पहिल्याच आठवड्यात लावून घेतली. आईसाठी मात्र 15 किलो सामानाचे नेहमीचेच भाडे घेतले, कारण औषधे, वॉकर आणि दादाच्या मुलांसाठी भाजलेली भाजणी एवढे सगळे 7 किलोत मावणे शक्य नव्हते.

आईच्या प्रवासाबद्दल थोडे अधिक लिहिते. चाकाच्या खुर्चीची नोंद मी तिकिटासोबतच केली होती आणि चारही वेळा खुर्ची व मदतनीस प्रवेशाजवळच्या काउंटरवर मिळाले. पुण्याच्या नव्या टर्मिनलमधून, जे जुलै 2024 मध्ये सुरू झाले, आत जाणे पूर्वीच्या गर्दीच्या मानाने खूपच सुसह्य झाले आहे. बेंगळुरूच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये बांबूचे छत आणि झाडांच्या मधून जाणारे रस्ते पाहून आई खूश झाली, पण तिथले चालणे लांबलचक आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाने ‘थोडेच तर आहे’ म्हणून खुर्ची नाकारू नये. एकदा विमान दूर उभे होते, तेव्हा तिला शिडी चढावी लागली नाही, ॲम्बुलिफ्टने, म्हणजे खुर्चीसकट वर उचलणाऱ्या गाडीने, थेट दारापर्यंत नेले. विमानातल्या मुलीने तिला बसवताना गुडघा कोणता हे आधी विचारले, हे आई अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते.

विमान कोणते आहे याकडेही मी पुढे पुढे लक्ष देऊ लागले. कमी दराच्या कंपन्या सहसा एकाच जातीची विमाने ठेवतात, कारण वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग आणि दुरुस्तीचे कर्मचारी सगळे एकाच प्रकारचे पुरतात. विलीनीकरणामुळे एक्सप्रेसकडे मात्र बोइंग 737 आणि एअरबस ए 320 असे दोन प्रकार आहेत. दोन्हींत ओळीत सहाच आसने असतात, पण ए 320 ची केबिन आतून सुमारे 3.70 मीटर रुंद, तर 737 ची सुमारे 3.54 मीटर; सोळा सेंटिमीटरचा हा फरक आईला तिच्या भाषेत ‘कोपराला जागा’ म्हणून जाणवला. काही नव्या 737 मॅक्स विमानांत पुढे मोठी, पाय लांब करता येतील अशी आसने असतात. ती जादा पैसे भरून घेता येतात, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या प्रवासासाठी मी ती घेतली. तो खर्च सार्थकी लागला.

वेळेचे म्हणाल तर मी शक्यतो सकाळची उड्डाणे निवडली. दिवसभर तेच विमान चार-पाच शहरांना जाऊन येते, त्यामुळे सकाळी कुठे अर्धा तास मागे पडला की संध्याकाळपर्यंत तो साठत जातो. सर्वच विमानकंपन्यांना हे लागू आहे. पुण्याचा विमानतळ लोहगावच्या हवाई दलाच्या तळावर असल्याने धावपट्टीही लष्करासोबत वाटून घ्यावी लागते. मे 2024 मध्ये या कंपनीच्या केबिन कर्मचाऱ्यांनी मोठ्या संख्येने एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली होती आणि कित्येक उड्डाणे रद्द झाली होती, हे वाचलेले असल्यामुळे सुरुवातीला माझ्या मनात धाकधूक होती. त्यामागे विलीनीकरणाच्या काळातली सेवाशर्तींबद्दलची नाराजी होती, आणि माझे मत असे की कमी भाड्याचा भार कर्मचाऱ्यांच्या पगारावर आणि विश्रांतीवर पडता कामा नये. आपल्या आईला हात धरून बसवणारी मुलगी थकलेली नसावी, असे मला मनापासून वाटते.

तिकीट काढणाऱ्याने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियमही पाहून ठेवावेत. भाडे कितीही कमी असले तरी ते लागू होतात. उड्डाण रद्द झाले तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांपैकी निवड प्रवाशाची असते. उशीर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते, आणि सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर तोच पर्याय किंवा परतावा मागता येतो.

दिवाळीसाठी आईला पुण्याला आणायचे तिकीट मी परवाच काढले. सकाळचे उड्डाण, 15 किलो सामानाचे भाडे, चाकाच्या खुर्चीची नोंद आणि जाण्या-येण्याच्या वाटेकडचे आसन, म्हणजे तिला गुडघा सरळ करता येईल.