पहिली गिअरची गाडी: स्प्लेंडर, रेडर की हंटर?

भाचीला या महिन्यात गाडी घ्यायची आहे. पाच वर्षं ती स्कूटर चालवतेय, पण गिअरच्या गाडीला कधी हात लावलेला नाही. आता कोरेगावला नोकरी लागली, साताऱ्याहून जाऊन-येऊन रोजचे साधारण 40 किलोमीटर. दाजी म्हणतात स्प्लेंडर घे, डोक्याला ताप नाही. तिचा जीव रॉयल एनफील्डच्या हंटर 350 वर जडलाय. शोरूममधला मुलगा टीव्हीएसची रेडर 125 पुढे करतो. "मावशी, तूच सांग," म्हणाली. दोन रविवार आम्ही दोघींनी तिन्ही गाड्या फिरवल्या. मी स्वतः चौतिसाव्या वर्षी भावाच्या जुन्या स्प्लेंडरवर गिअर शिकले, तेव्हाचंही सगळं आठवलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

आधी वजन. सीसी सगळे विचारतात, अ‍ॅव्हरेज सगळे विचारतात, वजन कुणी विचारत नाही. शिकताना मात्र सगळी झटापट वजनाशीच असते. स्प्लेंडर प्लस 112 किलो, रेडर 123 किलो आणि हंटरचं वरचं मॉडेल 181 किलो. म्हणजे हंटर घेतली की स्प्लेंडरवर एक धडधाकट माणूस कायमचा बसवल्यासारखं आहे. गाडी पळायला लागली की हे वजन जाणवत नाही, उलट सुखाचं वाटतं. त्रास होतो तो पार्किंगमध्ये, यू-टर्न घेताना, चढावरच्या ट्रॅफिकमध्ये आणि पेट्रोल पंपाच्या रांगेत.

सीटच्या उंचीने फसू नका. स्प्लेंडर 785 मिलिमीटर, रेडर 780, हंटर 790. कागदावर तिन्ही सारख्याच. पण भाचीची उंची पाच फूट एक इंच. स्प्लेंडरची सीट पुढे अरुंद आहे, पाय सरळ खाली जातात, दोन्ही तळवे जवळजवळ पूर्ण टेकतात. हंटरची सीट आणि टाकी रुंद, मांड्या फाकतात आणि टाचा वर राहतात. नुसत्या चवड्यांवर 181 किलो तोलायचे म्हणजे पायाखाली एक खडा आला तरी गाडी कलते.

हे मी अनुभवाने सांगतेय. मैत्रिणीची 350 सीसीची गाडी मागून घेतली होती. पावसात ओली झालेली फरशी, थोडासा उतार, जागा शोधत अगदी चालण्याच्या वेगाने वळत होते. समोरून लहान मूल आलं म्हणून पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं असताना आणि वेग नसताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी आतल्या बाजूला पडते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पाय टेकवला, पण एका मर्यादेपलीकडे कललेली गाडी पायाने थांबत नाही. लेग गार्ड होता म्हणून पाय वाचला. उचलायला दोन माणसं लागली. हीच चूक मी स्प्लेंडरवर आधी दोनदा केली होती, आणि दोन्ही वेळा गाडी मांडीवर तोलून सरळ केली होती. शिकाऊ माणसाच्या हातून चुका होणारच. हलक्या गाडीवर त्या निभावून नेता येतात.

आता हंटरची बाजू, कारण ती गाडी खरोखर चांगली आहे. तिचं इंजिन 349 सीसीचं, टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, 27 न्यूटन मीटर, आणि तो खालच्या आरपीएमलाच, म्हणजे इंजिन संथ फिरत असतानाच मिळतो. त्यामुळे क्लच सोडताना थोडं चुकलं तरी ती लगेच बंद पडत नाही. स्कूटरवरून येणाऱ्यांना सगळ्यात जड जातो तो हाफ क्लच. मोकळ्या मैदानात मी भाचीला एक्सिलरेटरला हातच लावू दिला नाही. पहिला गिअर टाकून क्लच बोटाबोटाने सोडत न्यायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो, पुढून कुणी हलकं ओढल्यासारखं वाटतं. तिथेच बोटं थांबवायची, गाडी सरकू द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा. असं वीस वेळा. हंटरवर ती दोनदा बंद पडली, रेडरवर सहा-सात वेळा, स्प्लेंडरवर तीनदा. स्प्लेंडरचा क्लच इतका हलका की तासाभरानंतरही मनगट दुखलं नाही. हंटरला 2025 च्या मॉडेलपासून स्लिप-असिस्ट क्लच आलाय, तो बराच हलका आहे. जुनी हंटर बघत असाल तर क्लच दहा-पंधरा वेळा दाबून पाहा.

गिअरचा क्रमही विचारून घ्या. काही गाड्यांत सगळे गिअर एकाच दिशेला पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. एका गाडीवर शिकून दुसरी घेतली तर सुरुवातीचे आठ दिवस पाय चुकतो.

रस्त्यावर काय फरक पडतो? यवतेश्वरच्या घाटात मी मागे बसले होते. स्प्लेंडरचे चार गिअर, ताकद आठ हॉर्सपॉवरच्या आसपास. दोघी बसल्यावर चढावर तिला दुसऱ्या गिअरवर यावं लागलं. रेडर तिसऱ्यावर चढली, पाच गिअर आणि अकरा हॉर्सपॉवरचा तेवढा उपयोग आहेच. हंटरला घाट कळलाच नाही. हायवेला शेजारून ट्रक गेला की स्प्लेंडर हलते, रेडर थोडी कमी, हंटर जागची ढळत नाही. रोजची ये-जा हायवेवरून असेल तर हे साधं कारण नाही.

ब्रेकमध्येही हंटर पुढे आहे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. 125 आणि त्याखालच्या गाड्यांना निदान कॉम्बी ब्रेक हवा, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. घाबरून करकचून ब्रेक दाबणं ही नवख्या माणसाची पहिली प्रतिक्रिया असते, तेव्हा एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. रेडरचं दोन्हीकडे डिस्क आणि एबीएस असलेलं मॉडेल आता निघालंय. रेडर घ्यायची ठरली तर थोडे जास्त पैसे घालून तेच घ्या.

पैशांचं पटकन सांगते. स्प्लेंडर एक्स-शोरूम 75 हजारांच्या आसपास, रेडर मॉडेलप्रमाणे 80 ते 95 हजार, हंटर साधारण 1 लाख 40 हजारांपासून पुढे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्याचा फायदा तिघींनाही मिळतो. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीला 3,851 रुपये, 150 ते 350 सीसीला 7,365 रुपये, वर जीएसटी. भाचीचं महिन्याचं फिरणं 1,000 किलोमीटर धरलं तर स्प्लेंडरला 17 लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल, रेडरला 18, हंटरला 28-29. म्हणजे हंटरसाठी दर महिन्याला हजार-बाराशे रुपये जास्त, आणि हप्ता वेगळा.

बजेट धरताना हेल्मेट आणि हातमोजे गाडीच्या किमतीतच धरा. हेल्मेट आयएसआय मार्कचं, पूर्ण तोंड झाकणारं, आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरं. लायसन्सचंही बघून घ्या. भाचीचं लायसन्स विनागिअरचं आहे, ते गिअरच्या गाडीला चालत नाही. त्यासाठी नवं लर्निंग काढावं लागतं, 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही, आणि लर्निंग सहा महिने चालतं.

मग कुठली? साडेपाच फुटांच्या वर उंची असेल, मित्राच्या गाडीवर गिअर आधीच बसला असेल आणि हायवेवरच जास्त फिरणं असेल, तर सरळ हंटर घ्या, उगाच मधली गाडी घेऊन दोनदा खर्च करू नका. गावातल्या गावात फिरणं असेल किंवा घरात तिघं-चौघं चालवणार असतील तर स्प्लेंडर. तिचे पार्ट आणि ती खोलता येणारा मेकॅनिक कुठल्याही बाजाराच्या गावात मिळतो. हंटरचंच वेड असेल पण गिअर अजिबात येत नसेल, तर सहा महिन्यांसाठी सेकंड हँड स्प्लेंडर घेणं मला पटतं. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून पाहा, कर्ज फिटलेलं असेल तर हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरलंय का ते बघा, नाव बदलायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म पैसे देतानाच सही करून घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत साइड स्टँड खाली राहिला तरी इंजिन चालू राहतं. निघताना पायाने तो चाचपायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, कारण डावीकडे वळताना तो रस्त्याला टेकला की गाडी फेकली जाते.

भाचीसाठी मी रेडर म्हटलं, एबीएसची. तिला ते पटलं नव्हतं. मग मी हंटर आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उताराकडे तोंड करून लावली आणि म्हटलं, चालू न करता मागे ओढून बाहेर काढ. तिसऱ्या प्रयत्नाला वॉचमनकाकांना हाक मारावी लागली. रेडर एका दमात निघाली. शनिवारी बुकिंग करायला जातोय. हंटरचा फोटो तिने मोबाइलवरून काढलेला नाही, आणि मीही काढायला सांगितलं नाही.