पंपाला नवा रंग, आत जुनेच बुश

ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट गार असताना नांगर बिनबोभाट उचलते आणि तासभर नांगरट झाल्यावर अर्ध्यावर अडते, असं होत असेल तर बहुधा लिफ्टला ऑइलचं प्रेशर देणारा गिअर पंप झिजलाय. तापलेलं ऑइल पातळ होतं आणि गिअर आणि त्यांना धरणारे बुश यांच्यामधल्या फटीतून परत सक्शनकडे, म्हणजे पंप ऑइल ओढतो त्या बाजूला, पळतं. (इंजिन बंद केल्यावर नांगर हळूहळू खाली बसतो, ते दुखणं पंपाचं नाही, सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह बघा.)

माझ्या ट्रॅक्टरचं हेच झालं होतं. तालुक्याच्या एका वर्कशॉपने गिअरजोडी, बुश, सील किट सगळं नवं टाकल्याचं बिल लावलं. पंप रंगवून चकाचक. सकाळी गार ऑइलवर लिफ्ट झपकन उचलून दाखवली, ‘दादा, आता बघायला नको.’ दुपारी शेतात तीच रड. परत गेलो तर म्हणे तुमचं ऑइलच खराब. ऑइल आणि फिल्टर बदलायला लावले. पाऊस तोंडावर आलेला, नांगरट तशीच पडून.

मग ओळखीच्या लेथवाल्याने माझ्यासमोर पंप उघडला. नवी होती फक्त रबरी सीलं. बुश जुनेच, पॉलिश पेपरने घासून चमकवलेले. घासल्याने जाडी कमी होऊन फट उलट वाढलेली. बॉडीत सक्शनच्या बाजूला गिअरच्या दातांनी खाच पाडलेली. प्रेशर गिअरना त्याच बाजूला दाबतं, त्यामुळे पुसट पट्टा चांगल्या पंपातही दिसतो. पण इथे नख अडकत होतं. अशा बॉडीत नवे गिअर टाकूनही भागत नाही, पंपच नवा घ्यावा लागतो. पंप खोलणाऱ्याला ही खाच दिसली नाही, हे शक्यच नाही. त्याने ती झाकली, याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

पंप रिपेअरला द्याल तेव्हा आपल्यासमोर उघडायला लावा, बॉडीत नख फिरवून बघा, काढलेले गिअर-बुश मागून घ्या आणि बिलावर प्रत्येक भाग वेगळा लिहून घ्या. ट्रायल घ्यायची ती ऑइल चांगलं तापल्यावर, नांगर जोडून, प्रेशर गेज लावून. गार ऑइलवर झिजलेला पंपही पास होतो.

मी नवा पंप बसवला. बिल, जुने बुश आणि फोटो घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते.